छप्पर कोणी बुजवलं?

पद्मजाबाईंकडून कुणाची वाटी रिकामी परत गेल्याचं यवतमाळात कुणाला आठवत नाही. शेजारणीनं विरजण पाठवलं की दुसऱ्या दिवशी त्याच वाटीतून काहीतरी जायचंच. घरात काही नसलं तर चार कढीलिंबाच्या काड्या जायच्या, पण वाटी भरून जायची. त्यांचे यजमान कमलाकरराव जिल्हा कोषागारातून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "खुर्चीवर मी बसलो, पण जमाखर्च सगळा हिच्या डोक्यात."

मिशनच्या शाळेत बाईंनी आयुष्यभर इतिहास शिकवला. घरात गणपती, शाळेत नाताळ, आणि दोन्हीकडची आरास त्यांच्याच हातची. नाताळातला एक देखावा तर वर्षानुवर्षं ठरलेला. कफर्णहूम गावात येशू एका घरात बसलाय, दारात ही गर्दी, आत शिरायला वाट नाही. म्हणून चौघेजण एका लुळ्या माणसाला बाजेसकट छपरावर नेतात, छप्पर उघडतात आणि दोर लावून बाज खाली सोडतात. बाई पुठ्ठ्याचं घर करायच्या. त्याला दोन्ही बाजूंनी उतरतं छप्पर, छपरावर गेरूनं रंगवलेली कवेलू, म्हणजे मातीची कौलं, आणि कवेलू काढणारे मातीचे चार गडी. घर म्हटलं की कवेलू, हे यवतमाळच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

त्या वर्षी शाळेला पन्नास वर्षं होत होती आणि फेब्रुवारीत मोठं प्रदर्शन भरायचं होतं. विषय होता, उत्खननांतून दिसणारं बायबलचं जग. मुख्याध्यापिका साळवेबाईंनी देखाव्याचं काम अर्थातच निवृत्त पद्मजाबाईंच्या गळ्यात घातलं आणि सोबत एक जाड, रंगीत चित्रांचं मासिक दिलं. बाई ते रात्री वाचायला बसल्या आणि सकाळी चहाच्या वेळी उदास होत्या.

"काय झालं?" कमलाकररावांनी विचारलं.

"कवेलू नव्हती."

"कुठे?"

"कफर्णहूमला. गाव खणून काढलंय लोकांनी. काळ्या दगडाच्या भिंती सापडल्या, चुली सापडल्या, एका घरात मासे धरायचे गळ सापडले. त्या काळातल्या घरांवरचं कौल मात्र सापडलं नाही. भिंतीही अशा लेच्यापेच्या की कौलांचा भार पेलला नसता. वर लाकडं टाकायचे, त्यावर फांद्या, त्यावर माती. सपाट."

"पण तुमच्या त्या पुस्तकात कौलं आहेत ना?"

"एका शुभवर्तमानात आहेत. दुसऱ्यात छप्पर खोदलं असं आहे. ज्यानं कौलं लिहिली तो कौलारू शहरांतल्या लोकांसाठी लिहीत होता, म्हणून त्यांना कळेल असं लिहिलं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे."

"म्हणजे तू केलंस तेच त्यानं केलं. दोन हजार वर्षांत कुणी तक्रार केली नाही, तू कशाला करतेस?"

"तक्रार दगडांनी केलीये," बाई म्हणाल्या आणि चित्रातल्या भिंतीकडे पाहत बसल्या. मग अंगणाच्या कुंपणाकडे पाहिलं. तोच काळा, जड, पुरणाच्या कढईसारखा दगड. लाकडं, फांद्या, माती. अशा छपराला तर आपल्याकडे धाबं म्हणतात.

धाब्याचं घर म्हटल्यावर त्यांना गोपाल आठवला. घाटंजीच्या पुढच्या एका खेड्यातला हा पोरगा शाळेच्या वसतिगृहात राहून त्यांच्या हाताखाली शिकलेला. आता तिशी ओलांडून गेला तरी दर संक्रांतीला घरची तुरीची डाळ घेऊन यायचा. या संक्रांतीला आला, पण बसला नाही. दिवाळीत बाबांना अर्धांगाचा झटका आला, एवढंच दारात उभ्याउभ्या सांगून गेला. त्यानं आणलेला डाळीचा डबा तेव्हापासून रिकामा पडला होता आणि बाईंना तो दिसला की टोचत होता. त्यांनी डब्यात तिळाचे लाडू भरले, झोळीत मासिक टाकलं, नवऱ्याचा कॅमेरा गळ्यात अडकवला, हातात वही घेतली आणि एसटी धरली.

त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात अशा अवतारात शिरणाऱ्या माणसाचा एकच अर्थ होता. कापसाचा भाव पडला होता, वर्तमानपत्रांत जिल्ह्याचं नाव रोज पहिल्या पानावर येत होतं आणि मुंबई-दिल्लीची माणसं झोळ्या लटकवून गावोगाव फिरत होती. गोपालच्या दारात त्याची आई, विमलताई, तुरी पाखडत बसली होती. तिनं सूप न थांबवता विचारलं, "कोन्या समितीच्या तुमी?"

"समितीची नाही हो."

"मंग टीव्हीवाल्या. असं सरळ जा, मारुतीच्या मांगं दोन घरं हायेत, ते पाहा. आमच्या घरी कोनी गेलं नाई, बाई. बिमार हाय फक्त."

"मी छप्पर पाहायला आले."

सूप थांबलं. समित्यांनी विहीर पाहिली होती, बैल पाहिले होते, सातबारा पाहिला होता. छप्पर मागणारी ही पहिलीच. विमलताईनं अंदाज घेतला. "छपराचं कायी मिळते का?"

"काही मिळत नाही. मी गोपालच्या शाळेतली बाई. त्याचा डबा द्यायचा होता."

"अवो माय, आंदी सांगा ना," म्हणत विमलताई उठली. डबा तिनं हातात तोलून पाहिला, भरलेला आहे हे कळल्यावर तिचा चेहरा बदलला. दोन्ही बायकांचं गोत्र एक असल्याचं तिथल्या तिथं ठरून गेलं.

तिनं घराचं दार लोटलं. आत खोली नव्हती, कापूस होता. जमिनीपासून छपराच्या लाकडी नाटांपर्यंत मधली खोली पांढऱ्यानं ठासून भरलेली. एका भिंतीलगत जेमतेम माणूस आडवा होऊन सरकेल एवढी फट ठेवलेली. गावात घरोघर हेच होतं. आज भाव येईल, उद्या येईल, म्हणून वेचणी घरात भरत गेली. माणसं ओसरीवर आली आणि कापूस मालकासारखा आत झोपला. कापसातल्या किड्यांनी सगळं गाव दंड खाजवत बोलत होतं.

"या अशा, पोट आत घ्या," विमलताई म्हणाली. पद्मजाबाईंनी पदर खोचला, पोट आत घेतलं आणि सरकत सरकत पलीकडे निघाल्या तेव्हा केसांपासून चपलांपर्यंत पिंजाऱ्याच्या दुकानातून आल्यासारख्या दिसत होत्या.

आतल्या खोलीत बाजेवर बापूजी पडले होते. उजवा हात, उजवा पाय गेलेला. जीभ मात्र वाचली होती. तीही थोडी गेली असती तर चाललं असतं, असं विमलताईनं त्यांच्या देखतच सांगितलं. गोपाल उशाशी बसून वडिलांच्या हाताला तेल चोळत होता. बाईंना पाहून तो उठला, आणि त्यांनी न विचारताच अडचण त्याच्या तोंडून बाहेर पडली.

"डॉक्टर म्हनते, यवतमाळले न्या. तिथं रोज व्यायाम देतात, हातपाय वापस येऊ शकतात. पन आताच न्या म्हनते. उशीर झाला तं जसे आखडले तसेच राह्यतीन."

"मग नेत का नाहीस?"

"कसा नेऊ, मॅडम? दिवाळीत बाबांले इथं आनून टाकलं तवा खोली रिकामी होती. मंग कापूस आला. आता बाज निंगत नाई. पाठीवर घेऊन पाह्यलं, तं अर्ध्या वाटेत ढीग आंगावर आला, दोघंही बुजलो असतो. कापूस काढा लागन. अन् काढून आंगनात ठेवता येत नाई. दव हाय, धूळ हाय, ढोरं हायेत. काढला का विकाच लागते."

"मग विका."

"भाव आल्याबिगर बोंड हलनार नाई," बाजेवरून आवाज आला. बापूजींचा एक हात नि एक पाय गेला होता. उरलेला सगळा बापूजी त्या कापसावर बसला होता.

भिंत फोडावी तर एका बाजूची भिंत शेजारच्या बाबारावशी सामायिक, आणि त्या भिंतीपायी दोन घरांचं बोलणं कितीतरी वर्षं बंद. दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर छपराच्या नाटा टेकलेल्या. ती फोडली तर छप्परच खाली. गोपालनं हे सगळं इतक्या वेळा मनात फिरवलं होतं की पाढे म्हटल्यासारखं सांगितलं.

विषय बदलावा म्हणून पद्मजाबाईंनी मासिक काढलं आणि आपण का आलो ते सांगितलं. बापूजींनी डाव्या हातानं पान धरलं.

"हे कोनतं गाव? पांढरकवड्याकडचं?"

"फार लांबचं. समुद्रापलीकडचं. येशूच्या वेळचं."

"दगड तं आपलाच हाय," बापूजी म्हणाले. "अन् वर काय टाकत?"

"लाकडं, फांद्या, आणि वर दाबलेली माती."

"म्हंजे धाबं. मंग दरसाल पान्याच्या आंदी वरून नवी माती टाकत असतीन. नाई टाकली तं गळते. अन् दाबली नाई तं गवत उगवते."

"छपरावरचं गवत मोठं होण्याआधीच वाळतं, असं त्यांच्या स्तोत्रांतसुद्धा आहे. आणि माती दाबायचे दगडी रूळ सापडतात, खणताना."

"आमी धुम्मसानं ठोकतो," बापूजी म्हणाले. त्या रूळवाल्यांचं काम थोडं कच्चं असणार, असा त्यांचा सूर होता.

मग बाईंनी त्या लुळ्या माणसाची गोष्ट सांगितली. तीस वर्षं सांगितलेली गोष्ट, तोंडपाठ. दार गर्दीनं बंद. चौघेजण. छपरावर चढले, माती खोदली, फांद्या बाजूला सारल्या, बाज दोरानं खाली सोडली. सांगता सांगता त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याकडे कुणीच पाहत नाहीये. गोपाल वर पाहत होता. विमलताई गोपालकडे पाहत होती. वर सागवानाच्या नाटा, त्यांवर तुराट्या, मधूनमधून लोंबणारी पळसाची काळी पडलेली पानं.

"बरा झाला का तो?" विमलताईनं विचारलं.

"झाला. उठला, बाज उचलली आणि चालत घरी गेला."

"अन् ते छप्पर?"

"कोणतं?"

"जे खोदलं ते. ते कोनं बुजवलं?"

इतक्या वर्षांत वर्गातल्या एकाही पोरानं हे विचारलं नव्हतं, आणि स्वतः बाईंना, वाटी रिकामी न पाठवणारीला, सुचलं नव्हतं. "लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"लिहिनारा गडीमानूस असन," विमलताई म्हणाली.

गोपालला आता धीर निघत नव्हता. "माय, वरून काढू बाबांले. बाजूच्या बोळीत बंडी लावतो, छपरावरून सरळ बंडीत. कापसाले हात लागत नाई."

"अन् छप्पर? तुले येते धाबं? यायले येत होतं, तं हे असे पडले. आपल्या गावच्या उकंडाले येते, पन तो आता टिनाच्या छपराशिवाय बोलत नाई. खोदाले चौघं येतीन, बुजवाले मी एकटी."

"बुजवायला मी येईन," पद्मजाबाई म्हणाल्या.

हे त्या का बोलल्या ते त्यांनाही नंतर सांगता आलं नसतं. विमलताईनं त्यांच्या हातांकडे पाहिलं, खडू धरून धरून पांढरी पडलेली बोटं पाहिली. "वैशाखात असते ते काम," ती म्हणाली. "ध्यानात ठेवजा." आणि चहा ठेवायला कापसातून सरकत निघून गेली. गोपाल उकंडाकडे धावला.

"नाई," बापूजी छताकडे पाहत म्हणाले. खोलीत ऐकायला फक्त पद्मजाबाई होत्या.

"का नाही? आता तर कापूसही हलत नाही."

बापूजींनी मासिक मिटलं. मग म्हणाले, "बाई, चौघानं उचलून घरातून काढलेला मानूस वापस येतानी पाह्यला का तुमी कदी? मारुतीच्या मांगची दोन घरं सांगतली ना हिनं तुमाले? दोघंही माह्यापेक्षा लहान. त्यायले काढलं तवा मीच दारात उभा होतो, टोपी काढून. आता मले काढतीन तं लोक उभे राह्यतीन. टोप्या काढतीन. अन् मले जित्तेपनी ते पाहा लागन."

तर कापूस हे नुसतं दार होतं. माणसानं ते आतून लावून घेतलं होतं.

बाईंनी सांत्वन केलं नाही. तसलं त्यांना जमायचंही नाही. त्या हिशेब करू लागल्या. "उचलून काढतात ते दारातून," त्या म्हणाल्या.

"हं."

"छपरातून कुणाला नेल्याचं या गावात कुणी पाहिलंय?"

बापूजी विचारात पडले. छपराच्या भोकातून उजेड येतो. मधल्या खोलीच्या छपराला ठेवलेल्या भोकातून वरून कापूस ओततात. पाणी येतं. "मेलेला जात नाई छपरातून," ते शेवटी म्हणाले.

"नाही."

"त्याची रीतच नाई."

"मला तरी माहीत नाही."

"मंग पाय आंदी काढाचे नाई," बापूजींनी अट घातली. "डोकं आंदी."

पुढच्या रविवारी कमलाकरराव आपली मारुती व्हॅन घेऊन आले. मागचं बाक काढून त्यांनी गादी अंथरली होती. "शाळेचा देखावा आजवर पुठ्ठ्यात व्हायचा," ते गोपालला म्हणाले, "या वर्षी खर्च वाढलाय." पद्मजाबाईंनी ऐकू आलं नाही असं केलं.

उकंडा छपरावर चढला. टिनाची बाजू घेणारा उकंडा धाब्यावर बसताच जुना उकंडा झाला. कुदळीच्या पाठीनं ठोकून आवाजावरून नाटा कुठं आहेत ते ओळखलं, बाजेची रुंदी तुराटीनं मोजली आणि दोन नाटांच्या मधून दोन बोटं जागा उरते असं जाहीर केलं. माती निघू लागली. एका थराखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. दर वैशाखाचा एक. पद्मजाबाई शिडीवर उभ्या राहून पाहत होत्या. मासिकात ढासळलेल्या छपराच्या मातीतले असेच थर दाखवले होते, बाण काढून, आकडे घालून.

खाली विमलताई बापूजींवर चादर धरून उभी होती. माती, तुराट्यांचा भुगा, एक उंदराचं घरटं, सगळं तिच्या डोक्यावर. त्या कफर्णहूमच्या घरात आत बसून प्रवचन ऐकणाऱ्या मोठ्या लोकांच्या डोक्यावर काय काय पडलं असेल, हे बाईंना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. त्यांच्या देखाव्यातली माणसं वर्षानुवर्षं स्वच्छ बसली होती.

दोर बांधले. एक गोपालनं धरला, एक उकंडानं, एक तांड्यावरच्या रामसिंगनं. चौथा माणूस नव्हता. कमलाकररावांनी आपल्या गुडघ्यांचा इतिहास सांगायला सुरुवात केली होती, एवढ्यात शेजारच्या धाब्यावर बाबाराव उगवला.

"माह्या भिंतीले हात लागला तं सांगून ठेवतो," तो म्हणाला. कित्येक वर्षांतलं हे त्याचं या घराशी पहिलं बोलणं.

"भिंतीले कोनी हात नाई लावून राह्यलं," विमलताईचा आवाज भोकातून वर आला. "तुमी दोराले लावा."

बाबाराव भिंतीवरून अलीकडे आला. भिंत सामायिक असल्याचा हा एक फायदा. त्यानं दोर धरला, आणि बाज हलली. डोकं आधी, पाय मागून, बापूजी हळूहळू छपरातून वर आले. बोळीत गाव जमलं होतं. टोपी कुणी काढली नाही. अशा वेळी टोपीचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. एक म्हातारी हसली, मग पोरं हसली, आणि रामसिंगनं "ओढा, ओढा" म्हणत हसू दाबलं.

"थांबा," बापूजी म्हणाले. चौघं थांबले. दिवाळीपासून त्यांनी आभाळ पाहिलं नव्हतं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं नाही. मान वळवून धाब्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "गवत आलं हाय तिथं," ते गोपालला म्हणाले. "मी पडलो तं कोनी वर चढून पाह्यलं नाई." मग शेजारी दोर धरून उभ्या बाबारावकडे पाहिलं. "तुह्या बाजूनंच आलं हाय."

"आलं असन," बाबाराव म्हणाला. दोर त्यानं सोडला नाही.

बाज बंडीत उतरली, बंडी सडकेपर्यंत गेली, व्हॅन यवतमाळला निघाली. अर्ध्या वाटेत पद्मजाबाईंच्या लक्षात आलं की गळ्यात कॅमेरा आहे आणि एकही फोटो काढलेला नाही.

देखावा मात्र झाला. काळ्या दगडांचे तुकडे रचून भिंती, वर खऱ्या तुराट्या, पळसाची पानं, माती. साळवेबाईंनी विचारलं, गर्दीतल्या एका बाईच्या डोक्यावर माती का टाकली. पद्मजाबाई म्हणाल्या, पडते. प्रदर्शनाच्या दिवशी विमलताई आली होती. बापूजी दवाखान्यात होते, बोटांत रबरी चेंडू दाबायला शिकत होते, आणि व्यायाम देणाऱ्या पोरीला कापसाच्या भावावर रोज शिकवणी देत होते. पाहुणे म्हणून आलेले एक वयस्क, गोड बोलणारे अभ्यासक देखाव्यापुढे थांबले आणि त्यांनी कौतुक केलं. विमलताईनं पदर सारखा करून त्यांना तोच प्रश्न विचारला.

पाहुणे हसले. "ज्यांनी खोदलं त्यांनीच बुजवलं असेल, ताई."

"कशावरून?"

"तसं सांगता यायचं नाही. खणताना छपराच्या मातीचे थर मिळतात. कुणीतरी ती पुन्हा पुन्हा घालत होतं, एवढं कळतं. कोण, ते मातीवरून कळत नाही."

विमलताईनं मान हलवली आणि पद्मजाबाईंकडे पाहिलं. बाईंना वाटलं, यापेक्षा तिनं सरळ आठवण करून दिली असती तर बरं झालं असतं.

मार्चच्या शेवटी कापूस विकला गेला, हंगामाच्या सुरुवातीला बापूजींनी नाकारलेल्या भावाच्या आसपासच. तो नेमका किती, हे त्यांना घरात कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. ते परत आले ते काठी टेकत, उजवा पाय ओढत, पण आपल्या दारातून आपल्या पायांनी. हात खांद्यापर्यंत उठत होता, त्याच्या वर नाही. बाबाराव ओसरीवर उभा होता. त्याच्या हातात टोपी नव्हती, चहाचा कप होता.

वैशाखात, लोक दुपारी दाराबाहेर डोकं काढत नव्हते तेव्हा पद्मजाबाईंनी झोळी भरली.

"या उन्हात?" कमलाकररावांनी विचारलं. "पावसाआधी गोपाल टिन टाकून घेईल की."

"वाटी आहे," बाई म्हणाल्या. कमलाकररावांनी टोपी घातली आणि व्हॅन काढली.

पांढरी माती गावाच्या पश्चिमेला रिठावरून आणायची. फार पूर्वी तिथं गाव होतं, ते उठलं, घरं बसत गेली, आता नुसता उंचवटा आणि त्यावर एक मारुती. शेजारची शेतं काळी आणि हा उंचवटा राखेसारखा पांढरा; माणसं राहून गेलेली माती अशी होते. समुद्रापलीकडच्या त्या देशातली गावंही अशाच टेकाडांत पुरलेली होती, गावावर गाव, आणि त्यांच्यासाठी लोक विमानानं जात होते. इथं विमलताई टोपली घेऊन जात होती.

दोघींनी माती खणली, चाळली, गव्हांड्यात, म्हणजे गव्हाच्या भुशात, कालवली. चाळणीत खापरांचे तुकडे राहत होते. मग एक गोल, मधोमध भोक असलेली मातीची चकती निघाली, रुपयापेक्षा थोडी मोठी. पद्मजाबाई उन्हात तशाच बसून राहिल्या. सूत कातायच्या चातीला खाली वजन म्हणून लावायची ती चकती. पुस्तकांत शंभरदा पाहिलेली, हातात कधी न आलेली. या टेकाडावर कुणीतरी बाई बसून कापूस कातत होती.

"चांगली सापडली," विमलताई म्हणाली. "अशा लई निंगतात. टाका कालवनात, माती धरून ठेवते."

"ही जुनी आहे, विमलताई."

"छप्पर का नवं हाय?"

बाईंनी हिशेब केला. ती चकती छपरात गेली तर कधीतरी हे घर बसेल, कुणीतरी येऊन खणेल आणि वरच्या थरात सगळ्यात जुनी वस्तू पाहून डोकं धरून बसेल. शाळेच्या काचेच्या कपाटात गेली तर तिच्याखाली कार्ड लागेल, आणि कार्डावर, कुणी कातलं ते नसेल. त्यांनी ती थोडा वेळ मुठीत ठेवली. मग कालवणात टाकली आणि हातानं खोल दाबली.

बाकी काम त्यांना जमलं असं म्हणता येणार नाही. टोपली छपरापर्यंत पोचेतो अर्धी सांडायची. धुम्मस दोन हातांनी उचलला की तिसऱ्या ठोक्याला खाली टेकवावा लागायचा. मग विमलताई घ्यायची, मग पुन्हा बाई. उकंडा खालून पाहून गेला, टिनाचं बोलला नाही. कमलाकरराव सावलीतून, गुडघे सांभाळत, सल्ले देत होते. तुराट्या बसल्या, पानं बसली, मातीचा पहिला थर बसला, आणि भोक लहान लहान होत गेलं.

आत, रिकाम्या खोलीत, बापूजी बाजेवर बसून वर पाहत होते. दाबणं कुठं कच्चं राहतंय ते त्यांना आवाजावरून कळत होतं आणि ते एकेक कोपरा काठीनं दाखवत होते. शेवटी जेव्हा भोक हातभर उरलं आणि त्यातून पद्मजाबाईंचा मातीनं माखलेला चेहरा खाली डोकावला, तेव्हा त्यांनी काठी वर केली.

"तेवढं राहू द्या, बाई."

"गळेल ना."

"मडकं पालथं घाला वर. उजेड येते." ते थोडे थांबले आणि डाव्या हातानं दंड खाजवला. कापूस जाऊन दोन महिने झाले होते, खाज गेली नव्हती. "अन् अवंदा तिथूनच ह्या खोलीतही कापूस भरा लागन. मधली पुरत नाई."

वर विमलताईनं धुम्मस खाली टेकवला आणि पद्मजाबाईंकडे पाहिलं. मग ती मडकं आणायला शिडी उतरू लागली.